एक्स्प्लेनर : समीकरणात एक अक्षर एकटे का ठेवायचे? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये दिलेले उत्तर

हातकणंगले : दहावीच्या गणित भाग १ मधले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. ‘य एका बाजूला घ्या, बाकी सगळे पलीकडे’ ही कृती पाठ होते, पण कशासाठी ते समजत नाही. ही कृती आलेखाच्या वहीपेक्षा कितीतरी जुनी आहे. ती नीट लिहून ठेवणाऱ्यांत महाराष्ट्राशी जवळचे नाते असलेले भास्कराचार्य होते.

भास्कराचार्य कोण होते?
जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, अशी नोंद त्यांनीच केली आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, उतारवयात ‘करणकुतूहल’ लिहिला.

समीकरणाबद्दल त्यांनी काय सांगितले?
आज आपण क्ष, य लिहितो. ते पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. नियम सरळ होता. पहिले अज्ञात एका बाजूला ठेवा, बाकीची अज्ञाते आणि संख्या दुसऱ्या बाजूला न्या, मग पहिल्याच्या सहगुणकाने भागा. जे मिळते ती त्या अज्ञाताची ‘उन्मिती’, म्हणजे किंमत. एकाच अज्ञाताच्या दोन उन्मिती मिळाल्या, तर त्या एकमेकींशी समान मांडायच्या. सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तांकडेही हा नियम होता. भास्कराचार्यांनी तो उदाहरणांनी फुलवला. घोडे, उंट, खेचरे आणि बैल बाळगणाऱ्या चार समान धनवानांचे त्यांचे गणित प्रसिद्ध आहे.

बाजारात हे कसे दिसते?
समजा, हातकणंगलेच्या बाजारात मेथीची पेंडी २० रुपयांना आणि कोथिंबिरीची १० रुपयांना आहे. खिशात १०० रुपये आहेत आणि ते सगळे खर्चायचे आहेत. मेथीच्या पेंड्या क्ष, कोथिंबिरीच्या य.

२०क्ष + १०य = १००

दोन्ही बाजूंतून २०क्ष वजा करा आणि १० ने भागा :

य = १० − २क्ष

आता समीकरण बोलू लागते. मेथी घेतलीच नाही तर कोथिंबिरीच्या १० पेंड्या येतात. मेथीची प्रत्येक पेंडी घेताना कोथिंबिरीच्या २ सोडाव्या लागतात. आलेखात १० म्हणजे रेषा य-अक्षाला छेदते ती जागा आणि −२ म्हणजे रेषेचा चढ. मूळ मांडणीत हे दोन्ही लपलेले होते.

एकूण ७ पेंड्या हव्या असतील, तर दुसरे समीकरण क्ष + य = ७, म्हणजे य = ७ − क्ष. दोन्ही उन्मिती समान ठेवल्या, की १० − २क्ष = ७ − क्ष. म्हणून क्ष = ३ आणि य = ४. मेथीचे ६० रुपये, कोथिंबिरीचे ४०. हिशेब जुळला.

मग आलेखही त्यांचाच का?
नाही. समीकरणाला रेषेशी जोडणारी भूमिती युरोपात सतराव्या शतकात उभी राहिली. देकार्त यांचा त्यावरील ग्रंथ १६३७ चा. भास्कराचार्यांचे श्रेय एक अज्ञात वेगळे काढण्याच्या पद्धतीचे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त चुकल्याची गोष्टही त्यांच्या ग्रंथात नाही. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली.

त्यांच्यामागे काय उरले?
मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात त्या मठाच्या दानाची नोंद असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १८१७ मध्ये कोलब्रुक यांच्या इंग्रजी भाषांतराने हे बीजगणित युरोपीय वाचकांपर्यंत पोहोचले होते.

परीक्षेसाठी लक्षात ठेवा
पद पलीकडे गेले की चिन्ह आपोआप बदलत नाही. दोन्ही बाजूंतून तेच पद वजा केले किंवा दोन्हींत मिळवले म्हणून ते बदललेले दिसते. शेवटी भागताना उजवीकडच्या प्रत्येक पदाला भागा.