योहान सेबास्टियन बाख

जर्मनी देशाच्या थुरिंगिया प्रांतात आयसेनाख नावाचे एक लहानसे शहर आहे. या शहरालगतच्या वार्टबुर्ग किल्ल्यात राहून मार्टिन ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, आणि याच शहरी २१ मार्च १६८५ रोजी योहान सेबास्टियन बाख याचा जन्म झाला. ख्रिस्ती उपासनेच्या संगीतात ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

संगीत हा बाख घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. मूळपुरुष व्हाइट बाख हा भटारी; परंतु धान्य दळावयास गिरणीत जाताना तो आपले तंतुवाद्य बरोबर नेई व चाकाच्या घरघरीत ते वाजवीत बसे. सेबास्टियनचे वडील आयसेनाख शहराचे नेमलेले वादक होते. आठ भावंडांत सेबास्टियन सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असता आई वारली, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच वडीलही निवर्तले. तेव्हा ओर्ड्रुफ गावच्या मंदिरात ऑर्गन वाजविणाऱ्या थोरल्या भावाने या पोरक्या मुलास घरी नेले व वाद्यवादनाचे पहिले धडे दिले.

या भावापाशी नामांकित संगीतकारांच्या रचनांची एक हस्तलिखित वही होती. सेबास्टियनने ती पुष्कळदा मागितली. पण भावाने ती जाळीच्या कपाटात बंद करून ठेविली. तेव्हा मुलगा रात्री उठे, जाळीतून आपला चिमुकला हात घालून वही गुंडाळून बाहेर काढी, आणि दिवा नसल्याने चांदण्यात तिची नक्कल करी. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली. परंतु भावास सुगावा लागताच त्याने ती काढून घेतली. ही हकीकत बाखच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखात दिलेली आहे. कागद गेला, पण सहा महिने हाताने गिरविलेले ज्ञान कोण काढून घेणार?

पंधराव्या वर्षी तो ल्यूनेबुर्ग येथील शाळेच्या गायकवृंदात दाखल झाला, आणि १७०३ साली आर्नश्टाट गावी मंदिराचा ऑर्गनवादक झाला. ल्यूबेक शहरी बुक्स्टेहूडे नावाचा थोर वादक होता. त्याचे वादन ऐकण्यासाठी १७०५ साली बाख सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत गेला. रजा चार आठवड्यांची होती, पण स्वारी परतली चार महिन्यांनी! अर्थात् वरिष्ठांनी त्यास चांगलेच खडसावले.

बाखचा स्वभाव मानी व हट्टी होता, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. १७१७ साली वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडण्याचा त्याने इतका आग्रह धरिला की, सुमारे एक महिना त्यास कैदेत बसावे लागले. पुढे क्योथेनच्या राजपुत्रापाशी त्यास मान व सौख्य लाभले. परंतु १७२० साली राजपुत्राबरोबर कार्ल्सबाड येथून तो घरी परतला, तो पत्नी मारिया बार्बारा मरण पावून तिची मूठमातीही झालेली! पुढल्या वर्षी त्याने आना माग्डालेना या गायिकेशी विवाह केला. दोन्ही पत्नींपासून त्यास एकंदर वीस अपत्ये झाली. त्यांतील दहाच वयात आली.

१७२३ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत त्याची संगीतप्रमुख म्हणून नेमणूक झाली. नगरसभेस आधी टेलेमान व नंतर ग्राउप्नर हवा होता. ते दोघे न मिळाल्याने बाखचा विचार झाला. मुलांस गायन शिकविणे व शहरातील मंदिरांची संगीतव्यवस्था पाहणे हे त्याचे काम. पहिली काही वर्षे तो जवळजवळ प्रत्येक रविवारी नवी संगीतरचना सिद्ध करी, आणि पत्नी, मुले व शिष्य तिच्या नकला उतरीत. मत्तयकृत शुभवर्तमानावरून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे वर्णन करणारी त्याची महान रचना १७२७ साली येथेच प्रथम गायिली गेली. पुरेसे गायक मिळत नाहीत म्हणून त्याने नगरसभेकडे लेखी गाऱ्हाणे केले. सभेचे व त्याचे पटेना. तरी सत्तावीस वर्षे त्याने हे काम केले. आपल्या पुष्कळ रचनांच्या अखेरीस, गौरव केवळ देवाचा, अशा अर्थाची तीन लॅटिन अक्षरे तो लिहीत असे.

उत्तरवयात त्याची दृष्टी मंदावली. टेलर नावाच्या इंग्रज वैद्याने केलेल्या दोन शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या, आणि २८ जुलै १७५० रोजी बाखने देह ठेविला. थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. पत्नी दहा वर्षांनी, १७६० साली, धर्मादायावर जगत मरण पावली. त्याची मोठी मंदिरगीते सामान्य जनांच्या कानांवरून गेली. अखेरीस १८२९ साली, वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोन याने बर्लिन येथे ती मत्तयाधारित रचना पुन्हा गाववून घेतली, आणि जगास बाखची खरी ओळख पटली.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांनी बाखला तिसऱ्या पसंतीने नेमिले, त्यांच्याच मंदिरात तो दर रविवारी आपले सर्वोत्तम अर्पीत राहिला. परीक्षक कोण व बक्षीस काय, हे पाहून त्याने कामाची प्रत हलकी केली नाही. पालकांसही आम्हांस एवढेच विनवावयाचे आहे की, आपल्या घरी एखादे मूल ज्ञानासाठी चांदण्यात जागत असेल, तर कपाटाची किल्ली त्याच्या हाती द्यावी.