दारिद्र्याची मोजदाद करणारा अर्थवेत्ता

गरिबी उघड्या डोळ्यांना दिसते. ती मोजावयाची कशाला, असा प्रश्न पुष्कळदा केला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी वा साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानांत वावरणाऱ्यास तो साहजिक वाटेल. तथापि अंदाजपत्रकाला डोळे नसतात, त्याला केवळ आकडे कळतात. हे ओळखून गरिबांचे जिणे आकड्यांत उतरविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या प्रा. वि. म. दांडेकर यांचे स्मरण खानदेशाने अगत्याने ठेवले पाहिजे.

१९२० साली जन्मलेले दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. १९४५ मध्ये ते पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली दाखल झाले आणि कालांतराने तिचे संचालक झाले. कुळकायद्याच्या अंमलबजावणीची त्यांनी केलेली पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली. कागदावरचे संरक्षण कुळाच्या शिवारापर्यंत पोचत नाही, हे तीतून स्पष्ट झाले.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह लिहिलेल्या भारतातील दारिद्र्यविषयक ग्रंथामुळे. विलायतेत सीबोम राउंट्री याने १८९९ साली यॉर्क शहरातील कामगारांची घरे धुंडाळून, शरीर धड राखण्यास किमान किती खर्च लागतो, याचा हिशेब मांडला होता. दांडेकर-रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतील खर्चाचे आकडे घेऊन माणशी रोज २,२५० उष्मांक ही कसोटी लावली. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा माणशी सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा होय. खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आढळले. सर्वांना पुरेल एवढी जमीन वाटपास उपलब्ध नाही, म्हणून मागेल त्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, हा त्यांचा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. पण आकड्यांपुढे लोकप्रियतेची पर्वा करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

खानदेशाचा त्यांच्याशी संबंध येतो तो प्रादेशिक असमतोलाच्या प्रश्नावरून. राज्य शासनाने १९८३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीने जिल्हा हा घटक धरला आणि रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य इत्यादी बाबतींत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष मानला. युरोपीय संघात आज मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखालील कुटुंब दारिद्र्याच्या धोक्यात गणले जाते. मागासलेपण इतरांच्या तुलनेत मोजावे, हे तत्त्व येथेही तेच होते.

पुढे मात्र या कसोटीचा धागा सुटला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुणे-कोल्हापुरांसमवेत उर्वरित महाराष्ट्रात घातले गेले. सधन शेजाऱ्यांच्या सरासरीत आदिवासी पाड्यांचे दैन्य विरून गेले, तर त्यात नवल ते काय? मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

जिल्ह्याची सरासरीदेखील फसवी असते, हेही मान्य केले पाहिजे. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि त्याच तालुक्यांतील सातपुड्याचे पाडे यांची बेरीज करून भागाकार केल्यास कोणाचेच खरे चित्र हाती लागत नाही. म्हणूनच विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत जाण्याचा मार्ग स्वीकारला, तो दांडेकरांच्या पद्धतीचा स्वाभाविक विस्तार म्हणावा लागेल.

१९९५ साली दांडेकर निवर्तले. त्यांची रेषा आज जुनी झाली, आकडे कालबाह्य झाले. शिकवण तेवढी शिल्लक आहे. ज्याची मोजदाद होत नाही, त्याच्या वाट्याला काही येत नाही. खानदेशाने केवळ अन्यायाची तक्रार न करता तालुकानिहाय, पाडानिहाय हिशेब स्वतः मांडावा. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना याहून उचित अभ्यासविषय कोणता असू शकेल?