जावा कोणी बनवली? फ्रांटिशेक यानेचेक यांची गोष्ट आणि शेडमधली जुनी गाडी

गुगलवर जावा टाकलं की आधी प्रोग्रॅमिंगची भाषा येते, मग इंडोनेशियातलं बेट येतं आणि त्यानंतर कुठेतरी मोटारसायकल दिसते. भाषेचं नाव कॉफीवरून आलं आणि त्या कॉफीचं नाव बेटावरून. मोटारसायकलचं नाव मात्र वेगळ्याच ठिकाणाहून, एका माणसाच्या आडनावातून आलंय. माझी नोकरी पहिल्या जावावर चालते, पण हा लेख तिसऱ्या जावाबद्दल आणि त्या माणसाबद्दल आहे.

निमित्त घरचंच आहे. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला आमच्या घरी आजोबांची २५० सीसी जावा वीसेक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं. इंजिन खोलताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. साठेक वर्षांपूर्वीची ही गाडी चार-पाच पान्यांनी आणि एका स्क्रूड्रायव्हरने खुलते. माझ्या फोनची बॅटरी बदलायची म्हटलं तर आधी काच गरम करून डिंक सोडवावा लागतो. ही गाडी इतकी सोपी कशी झाली, याचं उत्तर तिच्या संस्थापकाच्या आयुष्यात सापडतं.

कोण होते यानेचेक?

फ्रांटिशेक यानेचेक यांचा जन्म २३ जानेवारी १८७८ चा. गाव बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचं राज्य होतं. त्यांचं तांत्रिक शिक्षण प्राग आणि बर्लिनला झालं. त्यानंतर विजेच्या यंत्रांच्या एका जर्मन कंपनीत नोकरी केली आणि कामानिमित्त काही काळ हॉलंडमध्ये काढला. पुढे प्रागमध्ये परत येऊन स्वतःचं वर्कशॉप काढलं. आयुष्यभरात साठच्या आसपास पेटंट त्यांच्या नावावर झाली.

सुरुवातीला मोटारसायकलचा काहीच संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते शस्त्रांकडे वळले आणि त्यांनी हातबॉम्बची सुधारित रचना केली. युद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश तयार झाला. १९२२ मध्ये त्यांनी शस्त्रांचा कारखाना उभा केला. नव्या देशाला सैन्य हवं होतं, त्यामुळे काम भरपूर मिळालं. पुढे कारखाना प्रागच्या नुस्ले भागात आला.

मग शांततेची वर्षं आली आणि सरकारी ऑर्डरी आटल्या. लेथ मशीन होती, हुशार कामगार होते, पण काम नव्हतं. यानेचेक यांनी शांततेच्या काळात खपेल अशी वस्तू शोधायला घेतली.

नाव कसं पडलं?

त्याच सुमारास जर्मनीतली वाँडरर ही कंपनी मोटारसायकलींच्या धंद्यातून बाहेर पडत होती. तिच्याकडे ५०० सीसीच्या गाडीचं नवं डिझाइन तयार होतं. यानेचेक यांनी १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. आपल्या आडनावातलं पहिलं अक्षर-जोड आणि वाँडररचं पहिलं अक्षर-जोड एकत्र केलं आणि नाव झालं जावा. चेक भाषेत त्याचा उच्चार यावा असा होतो. आपल्याकडे रोमन लिपीतलं नाव इंग्रजी पद्धतीने वाचलं गेलं आणि जावा हेच रूढ झालं.

पहिली गाडी का फसली?

कागदावर ती गाडी जबरदस्त होती. ५०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, १८ हॉर्सपॉवर, पत्रा दाबून बनवलेली फ्रेम आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्लॅगशिप मॉडेल.

पण ती महाग होती, जड होती, पेट्रोल जास्त पीत होती आणि सुरुवातीच्या गाड्यांमध्ये दोषही निघाले. त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. लोकांना कामावर जायला गाडी हवी होती आणि ही गाडी श्रीमंतांनाच परवडत होती. शस्त्रांच्या धंद्यात गिऱ्हाईक एकच असतं, सरकार. इथे हजारो गिऱ्हाइकं होती आणि प्रत्येक जण खिशाकडे बघून ठरवणार होता.

यानेचेक यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच गाडीत थोडी दुरुस्ती करत बसला असता. त्यांनी विचाराची दिशाच बदलली. जॉर्ज पॅचेट या इंग्रज डिझायनर-रेसरला त्यांनी कामावर घेतलं आणि अगदी उलट टोकाची गाडी बनवायला सांगितली.

१९३२ : छोटी, हलकी, स्वस्त

१९३२ मध्ये जावा १७५ आली. इंजिन इंग्लंडच्या व्हिलिअर्स कंपनीचं टू-स्ट्रोक, वजन सुमारे ७० किलो. पहिल्याच वर्षी तीन हजारांच्या वर गाड्या खपल्या आणि कारखाना वाचला.

इथे टू-स्ट्रोक म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वाल्व असतात. ते वाल्व उघडायला कॅमशाफ्ट लागतो, तो फिरवायला चेन लागते आणि सगळ्याला ऑइल पुरवायला पंप लागतो. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली जाताना स्वतःच त्या उघडतो आणि बंद करतो. हलणारे मुख्य भाग तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, म्हणून ऑइल पंपाचीही गरज नाही.

याचे तोटेही आहेत. धूर जास्त होतो, पेट्रोल जास्त जातं, म्हणूनच प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर रस्त्यावरच्या नव्या गाड्यांतून ही इंजिनं गेली. पण कमी भाग म्हणजे कमी बिघाड, आणि जो बिघाड होईल तो खेड्यातल्या मिस्त्रीलाही दिसेल असा. यानेचेक यांनी धंदा वाचवण्यासाठी घेतलेला हा निर्णय जावाची ओळख बनून गेला.

त्यानंतर त्यांनी मागे पाहिलं नाही. १९३४ मध्ये जर्मनीच्या डीकेडब्ल्यूच्या परवान्यावर जावा ७०० ही छोटी मोटारगाडी काढली. तिचंही इंजिन टू-स्ट्रोकच. त्यांची पद्धत एव्हाना पक्की झाली होती. जे दुसऱ्याने चांगलं बनवलंय ते परवाना घेऊन वापरायचं, त्यातून शिकायचं आणि मग आपलं बनवायचं.

लपवून बनवलेली गाडी

मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या सैन्याने प्राग ताब्यात घेतलं. जावाचा कारखाना जर्मन युद्धाच्या कामाला जुंपला गेला. ४ जून १९४१ रोजी, देश पारतंत्र्यात असतानाच, यानेचेक गेले. त्यांचं वय ६३ होतं.

त्यांनी तयार केलेली माणसं मात्र कारखान्यात होती. जर्मनांची नजर चुकवून ते युद्धानंतरच्या गाडीचं काम करत राहिले. त्यातून जन्मली २५० सीसीची पेराक. नव्या सस्पेन्शनमुळे, म्हणजे मागच्या चाकाच्या स्प्रिंगमुळे, तिला हे नाव पडलं. १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगाला दिसली आणि गाजली. कारखाना एव्हाना सरकारजमा झाला होता. यानेचेक कुटुंबाच्या हातात काही राहिलं नाही. गाडीवर नाव मात्र तेच राहिलं.

१९५४ मध्ये पेराकची पुढची पिढी आली. आपल्याकडे जुनी जावा म्हणून जी गोल टाकीची, दोन सायलेन्सरची गाडी ओळखली जाते, तिचं मूळ हेच मॉडेल. म्हणजे आमच्या शेडमधली गाडी यानेचेक यांनी स्वतः कधी पाहिली नाही. पण तिच्यातलं टू-स्ट्रोक इंजिन आणि साधेपणा हा त्यांच्या १९३२ च्या निर्णयाचाच वारसा आहे.

मुंबई, मैसूर आणि मग आपल्या गावात

१९५० च्या दशकात रुस्तम आणि फारुख इराणी मुंबईत जावा आयात करून विकत. आयातीवर बंधनं आली, तेव्हा त्यांनी भारतातच कारखाना काढायचं ठरवलं. १९६१ पासून मैसूरच्या आयडियल जावामध्ये गाड्या बनू लागल्या. १९७३ मध्ये नाव बदलून येझदी झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये क्लासिक लेजंड्सने जावा हे नाव पुन्हा बाजारात आणलं, पण त्या नव्या गाड्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे.

बंद गाडी सुरू करताना काय करायचं?

अकलूजच्या मिस्त्रीकडून शिकलेला आणि स्वतः करून पाहिलेला क्रम असा :

१. किक मारू नका. गंजलेला पिस्टन जबरदस्तीने हलवला तर रिंगा तुटतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये चार-पाच चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल टाका आणि दोन-तीन दिवस थांबा. मग गाडी स्टँडवर घेऊन, टॉप गिअर टाकून, मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करा. आमचं इंजिन चौथ्या दिवशी सुटलं.

२. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. मूठभर नट-बोल्ट आणि डिझेल टाकून टाकी हलवत राहा, गंज निघतो. नंतर नीट धुऊन वाळवा.

३. कार्बोरेटरचे जेट काढून हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं.

४. कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासा आणि त्यांच्यात ०.४ मिलिमीटर अंतर ठेवा. प्लग नवा घाला. मूळ वायरिंग ६ व्होल्टची असते, त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी सरळ जोडायची नाही.

५. क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदला. हा खर्च वाचवण्याचा मोह होतो, पण इथेच गाड्या मरतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये जाते. सील सुकलेलं असेल तर तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. मागचं चाक लॉक झालं तर माणूसही पडतो.

६. टायर, ट्यूब, ब्रेक लायनर आणि सगळ्या केबल नव्या घ्या. नक्षी शिल्लक दिसली तरी वीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

हे सगळं झाल्यावर एक लिटर पेट्रोलला साधारण ४० मिली टू-टी ऑइल टाका. जावाची गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. गाडी सुरू झाली की तोच दांडा वळवून पुढे आणायचा आणि गिअर टाकायचे. आमची गाडी सुरू झाली तेव्हा शेडभर पांढरा धूर झाला. आजी बाहेर आली आणि आवाजावरूनच तिने गाडी ओळखली.

उसाचं गाव आणि पेट्रोलमधलं इथेनॉल

श्रीपूर साखर कारखान्याचं गाव आहे, म्हणून हा मुद्दा आम्हाला जवळचा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं बरंचसं उसापासून बनतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. जुन्या गाडीला मात्र तीन गोष्टींचा त्रास होतो. इथेनॉल जुनं रबर आणि वॉशर खराब करतं. ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी जमून गंज चढू शकतो. आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं.

उपाय अवघड नाहीत. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्या. गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. प्लगचा रंग बघत राहा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरट झाला तर मिश्रण पातळ आहे. मग मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा.

कागदपत्रांचं काय?

इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर आली असं होत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. आमच्या भागाचं हे काम अकलूजच्या एमएच ४५ कार्यालयात होतं.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर दुसरा मार्गही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. ती प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच चालवता येते. दूध घालायला किंवा रोज कॉलेजला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

तुमच्या घरी किंवा गोठ्यात अशी गाडी उभी असेल तर दोन गोष्टी आज करा. प्लग काढून आत थोडं ऑइल टाका आणि कपाटातलं आरसी बुक शोधा. सुटे भाग अजूनही मिळतात, हरवलेला कागद मिळवायला मात्र फार वेळ जातो.