विश्लेषण : ना निर्माता, ना वितरक, फक्त लोकवर्गणी! जॉन अब्राहम यांनी ‘अम्मा अरियान’ कसा घडवला?

जॉन अब्राहम म्हटले की आज बहुतेकांना हिंदीतला पीळदार शरीराचा अभिनेता आठवतो. केरळमध्ये मात्र जुन्या पिढीला याच नावाचा दुसरा माणूस आठवतो. विस्कटलेली दाढी, खिशात पैसे नाहीत, मुक्काम कुठल्या तरी मित्राच्या घरी आणि डोक्यात सतत सिनेमा, असे हे दिग्दर्शक. त्यांनी जेमतेम चार कथापट केले. त्यातला शेवटचा चित्रपट मित्रांच्या साथीने आणि गावोगावच्या लोकांकडून वर्गणी गोळा करून पूर्ण केला. फायद्याचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

विमा कार्यालयातून पुण्यात कसे आले?

जॉन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९३७ रोजी केरळमधील कुट्टनाड भागातला. पदवीनंतर त्यांना बेल्लारीला आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली. त्या काळात अशी नोकरी म्हणजे आयुष्याची ददात मिटली असेच घरचे मानत. जॉन यांनी काही वर्षांतच ती सोडली आणि पुणे गाठले.

‘प्रभात’ स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. तिथे त्यांना ऋत्विक घटक गुरू म्हणून लाभले. घटक पुण्यात फार काळ राहिले नाहीत, पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम या विद्यार्थ्यांवर त्यांनी कायमचा ठसा उमटवला. सिनेमा हा धंद्याआधी लोकांशी बोलण्याचा मार्ग आहे, ही घटकांची धारणा जॉन यांनी पुढे अक्षरशः जगून दाखवली.

आधीचे चित्रपट कोणते?

पहिला मल्याळम चित्रपट १९७२ मध्ये आला. खरी ओळख मिळाली ती १९७७ च्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ या तमिळ चित्रपटाने. नावाचा अर्थ ‘अग्रहारातले गाढव’. एक प्राध्यापक गाढवाचे पोरके शिंगरू पाळतो आणि ते ब्राह्मणवस्तीत आणून ठेवतो. गावात काही वाईट घडले की दोष गाढवाचा. शेवटी गाव त्याला मारते आणि नंतर त्याच्याच नावाने चमत्कार सांगू लागते. या चित्रपटाला तमिळमधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सनातनी मंडळींचा विरोधही वाट्याला आला.

१९७९ मध्ये मल्याळम ‘चेरियाचण्टे क्रूरकृत्यंगळ’ आला. जाणकारांनी नावाजले, पण गल्ल्यावर गर्दी जमवणारा हा सिनेमा नव्हता. अशा दिग्दर्शकावर पुन्हा पैसे लावणारा निर्माता मिळणे कठीणच.

‘ओडेसा’ म्हणजे काय?

१९८४ मध्ये जॉन आणि त्यांच्या मित्रांनी ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ नावाची चळवळ सुरू केली. नाव घेतले ते आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मधील ओडेसा शहराच्या पायऱ्यांच्या गाजलेल्या प्रसंगावरून.

चित्रपटाची नेहमीची साखळी सरळ असते. निर्माता पैसे घालतो, वितरक हक्क घेतो, चित्रपटगृह तिकीट विकते आणि प्रेक्षक सर्वांत शेवटी येतो. कोणता चित्रपट व्हावा, यात त्याला काहीच विचारले जात नाही. ओडेसाने ही साखळी उलटी फिरवली. आधी प्रेक्षक, मग चित्रपट.

ही मंडळी गावोगाव हिंडली. कुठे पथनाट्य केले, कुठे चार्ली चॅप्लिन यांचा ‘द किड’ दाखवला आणि लोकांपुढे हात पसरला. ज्याला जमेल तेवढे त्याने द्यावे. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी जमते, तसाच हा प्रकार.

याआधी १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पण त्यामागे सहकारी संघाची भक्कम यंत्रणा उभी होती. ओडेसाकडे होते ते फक्त मित्र आणि त्यांचे पाय.

‘अम्मा अरियान’मध्ये काय आहे?

नावाचा अर्थ ‘आईला कळावे म्हणून’. आपण पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितो, तोच भाव. पुरुषन हा तरुण दिल्लीला निघालेला असतो. वायनाडमध्ये त्याला एका तरुणाचा मृतदेह दिसतो. चेहरा ओळखीचा वाटतो. तो हरी, तबला वाजवणारा आणि नक्षलवादी चळवळीत ओढला गेलेला. हरीची आई कोचीला राहते. ही बातमी तिला सांगायची कोणी? पुरुषन दिल्लीचा बेत सोडून कोचीच्या वाटेला लागतो. वाटेत हरीचे मित्र, ओळखीचे भेटत जातात आणि एकेक जण त्याच्यासोबत निघतो. आईच्या दारात पोहोचेपर्यंत एकट्याचा जथा झालेला असतो.

चित्रपटाची गोष्ट आणि तो बनवण्याची रीत इथे एक होतात. गावागावांतून माणसे जोडत गेलेल्या चमूने गावागावांतून माणसे जोडत जाणारी गोष्ट सांगितली.

पैसे कमी होते म्हणून काम कच्चे राहिले नाही. पुरुषनची भूमिका जॉय मॅथ्यू यांनी केली. कृष्णधवल छायाचित्रण वेणू यांचे, संकलन बीना पॉल यांचे. दोघेही पुण्याच्याच संस्थेतून शिकलेले. वेणू यांना त्या वर्षी छायाचित्रणाचा जो राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात या चित्रपटाचा वाटा होता.

१९८६ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट व्यावसायिक वितरणाच्या वाटेने गेलाच नाही. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्याकडेच तो परत गेला. केरळभर ठिकठिकाणी त्याचे खेळ झाले.

मग हा मार्ग पुढे का रुजला नाही?

३१ मे १९८७ रोजी कोळिकोड येथे एका इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४९. ओडेसाच्या सोबत्यांनी चित्रपट दाखवण्याचे आणि माहितीपटांचे काम चालू ठेवले, पण दुसरा ‘अम्मा अरियान’ झाला नाही.

या पद्धतीचे बळ आणि दुबळेपण एकाच ठिकाणी होते. लोक पैसे द्यायचे ते समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून. तो माणूस गेला की पेटीही रिकामी. शिवाय जॉन यांनी स्वतःसाठी काही राखलेच नाही. घर नाही, शिल्लक नाही. त्यात दारूचे व्यसन. त्यांच्या भणंग जगण्याच्या दंतकथा आजही रंगवून सांगितल्या जातात, पण त्या जगण्याने एका मोठ्या दिग्दर्शकाची पुढची वर्षे हिरावली, हेही तितकेच खरे.

आज त्यांची आठवण कशासाठी?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या दहा महत्त्वाच्या भारतीय चित्रपटांच्या यादीत ‘अम्मा अरियान’चा समावेश झाला. आज मोबाइलवर चित्रण होते, संकलनही होते आणि ऑनलाइन वर्गणी मागता येते. जॉन यांच्या काळात फिल्मच्या रिळापासून प्रत्येक गोष्टीला रोख पैसे लागत. साधने स्वस्त झाली, पण ज्यांच्यासाठी चित्रपट करायचा त्यांच्या दारात आधी जाण्याचे काम तेवढेच अवघड राहिले आहे. मित्रांना घेऊन पहिला चित्रपट करू पाहणाऱ्यांनी जॉन यांच्याकडून घ्यायचे ते हेच. त्यांचे भणंगपण मात्र घेऊ नये.