थट्टेमागचे प्रेम : मार्टी फेल्डमन

ज्या गोष्टीवर मनापासून प्रेम असते, तिचीच थट्टा चांगली रंगते. विनोदी लेखक आणि अभिनेता मार्टी फेल्डमन याची कारकीर्द याची साक्ष देते. ८ जुलै १९३४ रोजी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, कीव्हहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात तो जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्याने जॅझच्या दुनियेत ट्रम्पेटवादक म्हणून नशीब अजमावले. ते साधले नाही. पण लेखणीने हात दिला. बॅरी टूक यांच्या जोडीने त्याने लिहिलेली बीबीसी रेडिओची ‘राउंड द हॉर्न’ ही मालिका लोकप्रिय झाली.

दरम्यान थायरॉइडच्या विकाराने त्याचे डोळे बटबटीत झाले. दुसरा एखादा पडद्यापासून दूरच राहिला असता. मार्टीने मात्र हे वैगुण्यच भांडवल केले आणि १९६७ पासून तो दूरचित्रवाणीवर झळकू लागला.

१९७४ मध्ये मेल ब्रूक्स यांच्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये त्याने कुबडा नोकर आयगॉर रंगवला. तीसच्या दशकातील भयपटांचे हे विडंबन आग्रहाने कृष्णधवल रंगात चित्रित झाले. १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील प्रयोगशाळेची उपकरणेही त्यासाठी पुन्हा वापरण्यात आली. चित्रीकरणात मार्टी कुणाला न सांगता आपले कुबड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर हलवत असे. काही दिवसांनी ही खोडी उघडकीस आली आणि थेट चित्रपटातच समाविष्ट झाली. पाठोपाठ १९७६ मध्ये आलेल्या ‘सायलेंट मूव्ही’त तर एकच शब्द उच्चारला जातो आणि तोही मूकाभिनयाचे सम्राट मार्सेल मार्सो यांच्या तोंडून!

१९७७ मध्ये ‘द लास्ट रीमेक ऑफ बो जेस्ट’द्वारे मार्टी दिग्दर्शक झाला. १९३९ च्या ‘बो जेस्ट’मधील दृश्ये जोडून त्याने १९६१ मध्ये दिवंगत झालेल्या गॅरी कूपरशी पडद्यावर संवाद साधला. युनिव्हर्सल कंपनीने मात्र हा चित्रपट आपल्या मर्जीने पुन्हा संकलित केला. पुढचा ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ (१९८०) कोसळला आणि दिग्दर्शक मार्टीची वाटचाल तिथेच थांबली.

‘यलोबिअर्ड’च्या चित्रीकरणादरम्यान, २ डिसेंबर १९८२ रोजी, मेक्सिको सिटीत त्याचे निधन झाले. वय अवघे ४८. ज्या बस्टर कीटनला त्याने आयुष्यभर दैवत मानले, त्याच्याच समाधीजवळ लॉस एंजेलिसच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत तो चिरविश्रांती घेत आहे.