टेंभूचे आगरकर

टेंभू म्हटलं, की आता आठवते ती उपसा सिंचन योजना, कृष्णेचं पाणी उचलून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी शिवारात नेणारी. पण कराड तालुक्यातल्या या गावाची त्याहून जुनी ओळख म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. १४ जुलै १८५६ रोजी ते इथे जन्मले. या दिवशी गावात त्यांची जयंती होते.

घरची गरिबी इतकी, की शिकण्यासाठी हा मुलगा कराडहून रत्नागिरीला पायी गेला. कधी कचेरीत उमेदवारी केली, कधी दवाखान्यात पडेल ते काम. डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालायचा. एम. ए.च्या सुमारास मात्र त्यांनी आईला कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. त्या माउलीला काय वाटलं असेल!

टिळकांबरोबर ते शाळेत शिकवू लागले, ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, यावरून मित्रांचं बिनसलं. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण यांवर रोखठोक लिहिलं. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी आडकाठी केली नाही. फर्ग्युसनचे प्राचार्य असताना, दम्यानं जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी ते गेले. वयाची ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती.

आपल्या बायकांसाठी एवढं सोसलेल्या माणसाची आठवण कशी ठेवायची? हार घालून, भाषणं करून? २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मला वाटतं, खरी जयंती ती.

पण ठराव सोपा, घर अवघड. एका संक्रांतीला मी शेजारच्या विधवा काकूंना हळदीकुंकवाला आग्रहानं बोलावलं. त्या आल्या, पण दाराशीच घुटमळल्या. आणि खरं सांगते, कुंकवाचं बोट पुढे करताना माझाच हात क्षणभर थबकला. एवढी महिला मंडळाची कामं करणारी मी! कुंकू लावलं, तेव्हा दोघींचेही डोळे भरून आले होते.

मैत्रिणींनो, तो थबकलेला हात पुढे करणं आपल्याच हातात आहे. त्यासाठी १४ जुलैची वाट कशाला पाहायची?