आर्ने टिसेलियस

जगानें गौरव केला असतांही आपल्या कामांतील उणीव ज्याच्या मनास टोंचत राहते, असा मनुष्य विरळा. स्वीडन देशांतील रसायनशास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस हे अशा विरळ पुरुषांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म १९०२ सालीं स्टॉकहोम येथें झाला. १९०६ सालीं पितृछत्र हरपलें व आई कुटुंबासह गोथेनबर्ग शहरीं गेली. तेथील शाळेंत एका शिक्षकांनीं त्यांच्या ठायीं शास्त्राची गोडी उत्पन्न केली. पुढें उप्साला विद्यापीठांत ते स्वेडबर्ग या थोर संशोधकांचे साहाय्यक झाले.

प्रथिनांच्या द्रावणांतून विद्युत्प्रवाह सोडिला असतां त्यांचे भारित कण विरुद्ध ध्रुवाकडे सरकूं लागतात. प्रत्येकाचा वेग निराळा असल्यामुळें मिश्रणांतील घटक वेगळे होतात. या विषयावरील प्रबंधाबद्दल टिसेलियस यांना १९३० सालीं डॉक्टरची पदवी मिळाली. परंतु आपण मूळ अडचण दूर केली नाहीं, हें ते जाणून होते. प्रवाहामुळें द्रव तापे, ऊन झालेला भाग वर चढे आणि वेगळे होऊं लागलेले घटक पुनः मिसळत. निराश होऊन त्यांनीं तो विषय बाजूस ठेविला. १९३४-३५ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें असतांना, अशा साधनाची शास्त्रज्ञांस किती निकड आहे हें पाहून त्यांनीं तो पुनः हातीं घेतला.

पाणी ४ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास सर्वांत जड असतें, व तेथें किंचित् ऊब लागली तरी त्याची घनता फारशी बदलत नाहीं. म्हणून त्यांनीं द्रावण तितकें थंड ठेविलें. आणि उष्णता लौकर निघून जावी यासाठीं नळी गोल न करितां चपटी केली. १९३७ सालीं या यंत्रानें रक्तांतील सीरममध्यें अल्ब्युमिन व अल्फा, बीटा, गॅमा हीं तीन ग्लोब्युलिनें स्पष्ट वेगळीं दाखविलीं. १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं ते निवर्तले.

आज याच तत्त्वानें डी. एन. ए.चे धागे वेगळे करितात. ऋणभारामुळें ते धनध्रुवाकडे जातात. परंतु लांबीबरोबर भार वाढतो तसा द्रवाचा विरोधही वाढतो, म्हणून मोकळ्या द्रवांत लहानमोठे धागे जवळजवळ एकाच वेगानें चालतात. यास्तव त्यांस समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलींतून जावयास लावितात. तिच्या सूक्ष्म जाळींतून आंखूड धागे चटकन् निसटतात, लांब मागें रेंगाळतात.

पदवी हातीं आली म्हणजे विद्या पुरी झाली, असें ज्या विद्यार्थ्यास वाटतें, त्यानें त्या सात वर्षांचें अवश्य मनन करावें.